बाराशे पन्नास फूट आणि माळ्याची शिडी

पॅरामध्ये जायचंय, पण गच्चीच्या कठड्याशी गेलं की पाय लटपटतात... आता काय करायचं बॉस?

माझं एक सिक्रेट आहे. कामानिमित्त खराडीतल्या चकाचक ऑफिसांमध्ये जाते, तेव्हा काचेच्या लिफ्टमध्ये मी कायम दाराकडे तोंड करून उभी राहते. लोकांना वाटतं, मॅडमना फार घाई आहे. घाई कसली? मागे वळले तर खालचं पार्किंग दिसतं, आणि पार्किंग दिसलं की पोटात खड्डा पडतो.

गेल्या दिवाळीत शिरूरला मामाकडे गेले होते. मामीनं फर्मान काढलं, "आकाशकंदील लावा रे कुणीतरी. गच्चीच्या कडेला, त्या आकड्याला." मी गुपचूप किचनमध्ये सटकले. पाहते तर माझा मामेभाऊ आधीच तिथं, करंज्यांच्या डब्यात डोकं घालून उभा!

"ताई, तुला पण?"

"मला पण काय?"

"तेच गं... वरून खाली बघितलं की होतं ते."

आता हा पोरगा म्हणजे साधासुधा नाही. वय एकोणीस. पहाटे पाचला घोडनदीच्या पुलाकडे पळत जाणार, पुलअप्सला कधी मागे हटणार नाही. मोबाइलच्या वॉलपेपरवर मरून बेरे घातलेला जवान. फौजेत जाणार तर पॅरामध्येच, असं त्यानं घरात डिक्लेअर करून टाकलेलं, आणि मामानं ते अख्ख्या गल्लीला सांगून टाकलेलं. फक्त एक गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. हा पठ्ठ्या माळ्याच्या शिडीवर चौथ्या पायरीच्या पुढे जात नाही.

"कुणाला सांगू नको. मेजरना तर अजिबातच नको," तो म्हणाला.

मेजर म्हणजे दौंडला हा ज्या भरतीच्या क्लासला जातो, तिथले निवृत्त फौजी. (खरी रँक काहीही असो, आपल्याकडे प्रत्येक फौजी मेजरच!) मेजरना कळलं तर नाव कट, अशी याची पक्की खात्री. शिवाय भरतीच्या वयाची मर्यादा डोक्यावर. दुसरं काही बघायचं तर आत्ताच ठरवायला हवं.

मी त्याला वचन दिलं. आणि मग जर्नालिस्टची खोड... वाचत सुटले.

पहिला धक्का. उंचीची भीती वाटणं म्हणजे आपल्यात काहीतरी डिफेक्ट आहे, असं नाही. १९६० मध्ये एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी एक भन्नाट प्रयोग केला होता. टेबलावर जाड काच, अर्ध्या भागात काचेखाली लगेच चौकड्यांचं कापड, उरलेल्या भागात ते कापड पार खाली जमिनीवर. सहा ते चौदा महिन्यांच्या ३६ बाळांना तिथं सोडलं आणि पलीकडून आईनं हाक मारली. 'खोल' दिसणाऱ्या बाजूनं रांगत गेली फक्त तीन. म्हणजे रांगायच्या वयातच आपण कड ओळखतो. माझा भाऊ निदान चौथ्या पायरीपर्यंत तरी जातो.

दुसरी गोष्ट जास्त इंटरेस्टिंग आहे. सरळ उभं राहायला आपण डोळ्यांची मदत घेतो. जवळच्या स्थिर वस्तूंवरून मेंदूला कळतं की शरीर किती झुकतंय. कड्यावर उभं राहिलं की समोरच्या वस्तू इतक्या लांब असतात की हे झुकणं डोळ्यांना पकडताच येत नाही. म्हणून गरगरतं. विमानात मात्र पायापासून जमिनीपर्यंत जाणारी भिंत किंवा कडा दिसतच नाही, खाली नुसता नकाशा पसरल्यासारखा दिसतो. त्यामुळे गच्चीवर घामाघूम होणारे कितीतरी लोक विमानात खिडकीची सीट मागून घेतात. मीसुद्धा!

बरं, पॅरात होतं तरी काय? पहिली अट म्हणजे इथं कुणाला ढकलत नाहीत, स्वतःहून नाव द्यावं लागतं. उडीचं ट्रेनिंग आग्र्याला, हवाई दलाच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये. बेसिक कोर्सला पाच उड्या, त्यातली एक रात्रीची. महेंद्रसिंग धोनीनं ऑगस्ट २०१५ मध्ये तिथंच पाच उड्या पूर्ण करून छातीवर पॅराचे विंग्ज लावले. उंची साधारण १,२५० फूट. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचं छप्पर नेमकं तेवढंच उंच आहे.

पण गंमत ऐका. या उडीत पॅराशूट तुम्हाला उघडावं लागत नाही! त्याचा पट्टा विमानातल्या तारेला अडकवलेला असतो. तुम्ही बाहेर पडलात की तोच पॅराशूट खेचून उघडतो. छातीवर दुसरं, रिझर्व्ह पॅराशूट असतं. तुमचं काम म्हणजे हिरवा दिवा लागल्यावर दाराबाहेर नीट पडायचं आणि पाय-गुडघे जुळवून, कुशीवर लोळत उतरायचं. म्हणूनच आधी जमिनीवरच तेच ते, तेच ते घोटून घेतात. शरीराला सवय लागली की मन कुरकुरत का होईना, मागून येतं. दारात नकार दिला तर मात्र खेळ खलास.

आपल्या लोकांचा आणि या खेळाचा संबंध जुना आहे, बरं का. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. याच २ पॅरानं ११ डिसेंबर १९७१ रोजी, आत्ताच्या बांगलादेशात टांगाईलजवळ, पुंगलीचा पूल ताब्यात घेण्यासाठी विमानांतून उड्या टाकल्या. सुमारे सातशे जवान! पाच दिवसांनी ढाका पडलं. त्या सातशेंपैकी किती जणांना लहानपणी विहिरीत डोकावताना धडकी भरत असेल?

आणि पुण्याची शीतल महाजन. १८ एप्रिल २००४ला तिनं आयुष्यातली पहिलीवहिली उडी मारली ती थेट उत्तर ध्रुवावर, उणे ३७ अंशांत! पुढे २०११ला पद्मश्री, २०१८ला थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी, २०२३ला एव्हरेस्टसमोर. मी भावाला हे उत्साहानं सांगितलं, तर तो आणखीच खचला. "ती वेगळी माणसं असतात, ताई."

वेगळी? इथं मला फेन्झ आणि एपस्टाईन भेटले. या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात अमेरिकेत पॅराशूट जंपर्सचे हृदयाचे ठोके आणि श्वास मोजले. नवख्यांची धडधड विमानात वाढत वाढत उडीच्या क्षणी शिखरावर. अनुभवी मंडळींचं काय? घाबरतात तीही! फक्त त्यांची भीती आधीच येऊन जाते, आणि उडीच्या वेळेपर्यंत ओसरायला लागलेली असते.

हे मी त्याला फोनवर वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मेजरना सांगतो. तू येशील?"

शनिवारी त्याच्या बाइकवरून न्हावरे, चौफुला, पाटस करत दौंडला पोचलो. ग्राउंडवर पोरं चार फुटी चौथऱ्यावरून वाळूत उड्या मारत होती. भावानं खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. मेजरनी ऐकलं, नाक शिंकरलं आणि विचारलं, "चक्कर येऊन पडतोस का?"

"नाही, मेजर."

"मग काय? स्टेशनच्या जिन्यावर जा. रोज. कठडा धरायचा, खाली बघायचं, शंभर मोजायचे. पळून आलास तर उद्या परत तिथूनच."

सायकॉलॉजीच्या पुस्तकांत यालाच पायरीपायरीनं भीतीला सामोरं जाणं म्हणतात, आणि त्यातही कळीचा मुद्दा हाच की भीती चढलेली असताना पळायचं नाही. ती ओसरेपर्यंत थांबायचं. दरवेळी पळून आलं की मेंदू शिकतो, पळालो म्हणून वाचलो! (श्वास कोंडणं, दरदरून घाम, चक्कर असं होत असेल तर मात्र आधी मानसोपचारतज्ज्ञ. आणि कुणीही गावच्या पाण्याच्या टाकीवर चढून प्रयोग करू नये, प्लीज.)

त्याच संध्याकाळी आम्ही दौंड स्टेशनच्या पादचारी पुलावर गेलो. खाली रूळच रूळ, कुठूनतरी भज्यांचा वास. मधोमध पोचल्यावर भावानं कठडा धरला. बोटं पांढरी पडलेली. "एक... दोन..." मीही शेजारी उभी राहिले, म्हटलं आता जर्नालिझम गेलं खड्ड्यात, आपणही मोजू.

खालून मालगाडी निघाली. डबे सरकायला लागले, की आपणच सरकतोय, काही कळेना.

मी बारापर्यंत मोजलं आणि जिना उतरले. खाली चहा घेऊन वर पाहिलं. त्याचे ओठ अजून हलत होते.

"किती झाले?" मी खालून ओरडले.

"चूप बस ताई, चुकेल!"