विहाराच्या पायऱ्या कुणासाठी?

पौर्णिमेची संध्याकाळ. विहारात त्रिसरण-पंचशील सुरू आहे. पांढरी वस्त्रे नेसून उपासक-उपासिका बसल्या आहेत. बाहेर, सात पायऱ्यांच्या खाली, तीनचाकी सायकलवर बसलेला एक तरुण हात जोडून तीच वंदना म्हणतो आहे. त्याला कुणी अडवलेले नाही, कुणी विटाळ मानलेला नाही. तरीही तो बाहेरच आहे. हे दृश्य आम्ही पाहिले आहे. आमच्या वाचकांनीही आपापल्या वस्तीत पाहिले असेल. १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह करणाऱ्या समाजाच्या विहाराबाहेर आपलाच माणूस ताटकळत राहतो, याची लाज आम्हाला वाटली पाहिजे की नको?

अपंग मूल जन्माला आले की आजही शेजारीपाजारी म्हणतात, ‘मागच्या जन्मीचे भोग!’ हे विष मनुवादी व्यवस्थेचे आहे. याच युक्तिवादाने आम्हाला अस्पृश्य ठरवले होते. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत साफ नाकारला आहे. गरीब आणि पददलितांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकून टाकावी, एवढाच त्याचा उपयोग, असे त्यांनी बजावले. दर वर्षावासात आम्ही हा ग्रंथ विहारात वाचतो. मग त्याचा अर्थ अपंग बांधवांना का लावत नाही? दोष पूर्वजन्माचा नसेल, तर जबाबदारी आजच्या समाजाची आहे. पाय अधू असणे हा गुन्हा नाही. सात पायऱ्या बांधून उतार न बांधणे हा मात्र आमचा दोष आहे.

हा प्रश्न ‘त्यांचा’ नाही, आमचाच आहे. २०११च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग होते, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. अनुसूचित जातींमध्ये मात्र हे प्रमाण २.४५ टक्के होते. कुपोषण, बाळंतपणातील हेळसांड, उपचाराला उशीर, धोक्याची कामे यांतून अपंगत्व येते आणि या साऱ्यांचा भार कुणाच्या वस्तीवर जास्त पडतो, हे सांगायला ज्योतिषी नको.

विदर्भातला सिकलसेल घ्या. आदिवासींबरोबरच हा आजार आमच्या बौद्ध घरांतूनही पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. २०१६च्या अपंग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांत सिकलसेलचा समावेश केला. पण त्याच कायद्यातल्या शासकीय नोकऱ्यांच्या ४ टक्के आरक्षणात मात्र सिकलसेलग्रस्तांना जागा दिली नाही. ऐन उमेदीत असह्य वेदनांनी अंथरुणाला खिळणाऱ्या आमच्या मुलांसाठी किती मोर्चे निघाले? किती मंचांवर ठराव झाले?

आता धम्माकडे पाहू. अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले आणि माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी, असे संघाला सांगितले. खुज्जुत्तरा ही कुबड असलेली दासी. तिने राणी सामावतीला धम्म शिकवला आणि बहुश्रुत उपासिकांमध्ये तथागतांनी तिला अग्रस्थान दिले. विनयात काही व्यंगे असलेल्यांना प्रव्रज्या नाकारणारे नियमही आहेत, हे आम्ही लपवणार नाही. अट्ठकथांनी तर खुज्जुत्तरेच्या कुबडालाही पूर्वजन्मीचे पाप चिकटवले. पण ग्रंथात आहे म्हणून डोळे मिटून मान डोलवावी, असे आम्हाला ना बुद्धाने शिकवले ना बाबासाहेबांनी.

या कामात इतर धर्मीयांनी केलेले कष्ट मान्य केले पाहिजेत. मुंबईत बहिऱ्यांची शाळा रोमन कॅथलिक मिशनने १८८०च्या दशकात काढली. १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंधांची शाळा सुरू केली. आम्ही काय उभारले? जयंतीच्या दिवशी फळवाटप, एखादी कुबडी देतानाचा फोटो! दान वाईट नाही. पण दयेवर जगणे किती अपमानाचे असते, हे आम्हाला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. आता सरकारी भाषेत ‘दिव्यांग’ हा शब्द आला आहे. नाव गोड, पण दारे बंदच! ‘हरिजन’ या गोड नावाविरुद्ध बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ साली मुंबई विधानसभेतून सभात्याग केला होता, तो कशासाठी?

म्हणून आमचे विहार समित्यांना सांगणे आहे. २०१६च्या कायद्याने ‘सार्वजनिक इमारत’ या व्याख्येत धार्मिक वास्तूही धरल्या आहेत. पण कायद्याच्या नोटिशीची वाट पाहू नका. प्रवेशद्वारी उतार बांधा. वंदना आणि प्रवचन बहिऱ्यांपर्यंत खुणांच्या भाषेतून पोहोचवा. महिन्यातून एक रविवार अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्डाचे अर्ज भरून देण्यासाठी ठेवा. वधू-वर मेळाव्यात पत्रिका नको, सिकलसेलची तपासणी हवी. आणि मुख्य म्हणजे समितीत अपंग बांधवांना सभासद करा. त्यांच्याविषयीचे निर्णय त्यांच्यावाचून घेणे, हीसुद्धा एक प्रकारची सवर्णगिरीच आहे!

१४ ऑक्टोबर १९५६ आठवा. नागपूरच्या मंचावर बाबासाहेब आले ते एका हातात काठी आणि दुसरा हात नानकचंद रत्तूंच्या खांद्यावर ठेवून. पाय साथ देत नव्हते, प्रकृती ढासळली होती. त्या आधाराने उभे राहून त्यांनी लाखोंना धम्म दिला. आज तेच बाबासाहेब आमच्या विहाराच्या पायथ्याशी आले, तर वर चढू शकतील काय? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक विहार समितीने येत्या पौर्णिमेच्या आत द्यावे. जयभीम!