विकर आणि विकार : एका परिभाषेची अडचण

मराठी शालेय पाठ्यपुस्तकांत एन्झाइमसाठी ‘विकर’ हा प्रतिशब्द योजिला जातो. मूत्रपिंडाच्या रोगांविषयी लिहू लागताच तो लेखकाला संकटात टाकतो. ‘मूत्रपिंडातील विकर’ आणि ‘मूत्रपिंडाचा विकार’ यांत अंतर एका कान्याचे, अर्थात मात्र एक शरीराचे कार्य आणि दुसरा त्याचा बिघाड! मुद्रिताची एक डुलकी पुरे. कन्नडने निवडलेला ‘किण्व’ हा शब्द या दृष्टीने अधिक भाग्यवान होय. किण्व म्हणजे मद्य आंबविण्याचे द्रव्य. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त सुराध्यक्षाच्या प्रकरणात तो येतो. जर्मन शास्त्रज्ञ क्यूने याने एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात ‘एन्झाइम’ हा शब्द घडविला तो ग्रीक भाषेतील ‘किण्वातले’ अशा अर्थाच्या पदांवरून. म्हणजे बंगळूरच्या वाचकाला मूळ कल्पना आपल्या शब्दात सापडते, पुण्याच्या वाचकाला ती पाठ करावी लागते.

वस्तुतः कल्पना कठीण नाही. शरीरातील रासायनिक क्रिया विलक्षण वेगाने घडवून आणणारी आणि स्वतः खर्ची न पडणारी द्रव्ये म्हणजे विकरे. त्यांतील बहुतेक सर्व प्रथिने असतात. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रथिनांच्या विघटनातून निर्माण होणारा युरिया त्या रक्तातून बाहेर टाकतात. त्या निकामी होऊ लागल्या की तो रक्तात साठतो. तो मोजावा कसा? ‘युरिएझ’ हे विकर युरियाचे विघटन करून अमोनिया मुक्त करते, आणि अमोनिया मोजता येतो. १९१३ साली मार्शल याने ही पद्धत मांडली. १९२६ मध्ये सम्नर याने जॅक बीन नावाच्या शेंगेच्या दाण्यांतून युरिएझ स्फटिकरूपात वेगळे केले आणि विकर हे प्रथिन असते हे दाखविले; १९४६ च्या नोबेल पारितोषिकात त्याला वाटा मिळाला. माणसाच्या मूत्रपिंडाची साक्ष एका शेंगेने द्यावी, ही गोष्ट कवीलाही सुचली नसती. दुसरी साक्ष पेशींची स्वतःची. मूत्रपिंडातील नलिकांच्या पेशींना इजा झाली की त्यांच्यातील विकरे मूत्रात गळतात. रक्तातील क्रिएटिनिन वाढण्यापूर्वीही हा इशारा मिळू शकतो.

शेंगा आणि विकरे यांचा मराठी माणसाशी जुळलेला धागा बंगळूरमधूनच जातो. दुर्गा भागवतांची धाकटी बहीण कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ साली तेथील भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागण्यास गेली. वडील आणि चुलते त्याच संस्थेत शिकलेले रसायनज्ञ. तरी संचालक चंद्रशेखर वेंकट रमण यांनी ती स्त्री आहे म्हणून नकार दिला. ती हटली नाही. तेव्हा एक वर्ष उमेदवारीचे, आणि काम समाधानकारक वाटेपर्यंत मान्यता नाही, अशा अटींवर तिला घेण्यात आले. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली तिने दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. पुढे केंब्रिजमध्ये, सायटोक्रोम सी हे श्वसनसाखळीतील प्रथिन वनस्पतींच्या ऊतींत असते, असे तिने दाखविले. त्या प्रबंधावर १९३९ मध्ये तिला डॉक्टरेट मिळाली. हा विषय मूत्रपिंडापासून वाटतो तितका दूर नाही. गाळलेल्यातून हवे ते परत शोषून घेण्यास नलिकांना प्रचंड ऊर्जा लागते आणि ती पुरविणाऱ्या साखळीतील एक कडी सायटोक्रोम सी हीच होय.

मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी चालविलेल्या कामातून १९५५ साली वाल आणि डबल बीन यांतील, ट्रिप्सिन या पाचक विकराला अडविणारी द्रव्ये स्फटिकरूपात मिळाल्याचे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. ही द्रव्ये उष्णतेने बऱ्याच अंशी निष्प्रभ होतात. वाल भिजवून, मोड आणून, नीट शिजविणाऱ्या घरांना हे कृतीने ठाऊक होते. बंगळूरच्या थंडीतील अवरेकाळू तो हाच दाणा. दुर्गाबाईंचे ‘खमंग’ आणि कमलाबाईंचे ‘आहार-गाथा’ ही पुस्तके एकत्र वाचण्याचा प्रघात मराठी समीक्षेत पडलेला नाही; विज्ञानाचे गद्य हे साहित्य नव्हे, हा गैरसमज त्याच्या मुळाशी असावा.

परिभाषेचा पेच मात्र उरतोच. ‘वितंचक’ हा दुसरा पर्याय विरजण्याची आठवण देणारा. पण १८९८ मध्ये टिगरस्टेट आणि बेर्गमान यांना सशाच्या मूत्रपिंडात सापडलेले, रक्तदाब वाढविणाऱ्या प्रक्रियेला चालना देणारे विकर ‘रेनिन’, आणि वासराच्या जठरातून मिळणारे, दूध साकळविणारे विकरही पूर्वी ‘रेनिन’च म्हटले जाई. इंग्रजीत एका जादा अक्षराने ती निराळी ओळखता येत. देवनागरीत तीही सोय नाही. दुसऱ्याला आता कायमोसिन म्हणतात, म्हणून निभावले. ‘विकर’साठी असा मार्ग कोणी काढलेला नाही, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी लिहिणाऱ्याने तोवर सरळ ‘एन्झाइम’ लिहावे हेच इष्ट.