घरी छापलेल्या छायाचित्रांतील खरे रंग

अलीकडे महागावासारख्या तालुक्याच्या गावीही काही घरांतून शाईचा रंगीत प्रिंटर येऊन बसला आहे. मुलांचे प्रकल्प आणि दाखल्यांच्या नकला छापून झाल्या, की स्नेहसंमेलनाचे किंवा घरच्या लग्नाचे एखादे छायाचित्र छापून पाहावे अशी इच्छा साहजिकच होते. आणि बहुधा तेथेच निराशा पदरी पडते. मोबाईलवर तजेलदार दिसणारी सावळी मुद्रा कागदावर काळवंडते अथवा तांबूस होते, गणवेशाचा निळा रंग जांभळ्याकडे झुकतो, आणि प्रिंटर बिघडला असा निकाल देऊन मंडळी मोकळी होतात. आमच्या मते या निकालात प्रिंटरवर पुष्कळदा अन्याय होतो.

काचेवरचा रंग व कागदावरचा रंग हे मुळातच दोन भिन्न जातींचे होत. स्क्रीन स्वतः प्रकाशते. तिच्यावरील लाल, हिरवा व निळा हे तीन प्रकाश एकत्र झाले म्हणजे पांढरा दिसतो. शाईचे याच्या अगदी उलट आहे. ती प्रकाश देत नाही, गिळते. सायन म्हणजे आकाशी शाई लाल प्रकाश गिळते, मॅजेंटा म्हणजे किरमिजी शाई हिरवा, आणि पिवळी शाई निळा. जोडीला काळी असते. पांढऱ्या रंगाची शाई या प्रिंटरात नसतेच; चित्रातील पांढरा तो कागदाचा. यास्तव स्क्रीनवरील झगझगीत हिरवा व निळा कागदावर जसाच्या तसा उतरणे शक्य नाही, हे आधीच मान्य केलेले बरे.

पूर्वी हे दोहोंमधील भाषांतर माणूस करीत असे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला व पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेला. तेथे एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करून एकाच कागदावर एकामागून एक ठसे उठवीत. कोणत्या दगडावर किती छटा घ्यावयाची हे कारागिराची नजर ठरवी. दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळण्यापूर्वी याच छापखान्यासाठी काम करीत होते, आणि रंगीत छपाईची नवी विद्या व यंत्रे यांच्यासाठी ते १९०९ साली जर्मनीस गेले होते. आज त्या कारागिराच्या जागी प्रोफाईल नावाची एक फाईल असते. अमुक प्रिंटर, अमुक शाई व अमुक कागद एकत्र आले असता कोणता रंग कसा उमटतो, याची ती नोंद होय. तिची सर्वमान्य पद्धत ठरविण्यासाठी १९९३ साली इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियम ही संस्था स्थापन झाली. हे कळले, की प्रिंटरच्या खिडकीत कागदाचा प्रकार निवडावयास का सांगतात हे लक्षात येते. चकचकीत फोटो-कागद घालून 'साधा कागद' असे सांगणे म्हणजे कारागिराला भलताच दगड हाती देणे होय. रंगांची व्यवस्था फोटोच्या प्रोग्रामने पाहावी अथवा प्रिंटरने. दोघांनी पाहिली तर दुरुस्ती दोनदा होते व चेहरे विचित्र दिसतात. दोहोंपैकी एकाची व्यवस्था बंद करावी.

स्क्रीनवरही आंधळा विश्वास ठेवू नये. ती बहुधा फार प्रखर ठेवलेली असते, म्हणून तिच्यापुढे कागद काळोखा वाटतो. कोरा कागद शेजारी धरून तिची प्रखरता त्याच्या जवळपास येईतो उतरवावी, आणि रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून दिलेली पिवळसर प्रकाशाची सोय छायाचित्र दुरुस्त करताना बंद करावी. प्रिंटरकडून 'नोझल चेक' नावाचा पट्टा काढून पाहणे तर प्रथम कर्तव्य. सायनची छिद्रे बुजली, की सारे कुटुंब लालबुंद होते.

आता चेहऱ्याचा रंग. येथे केवळ यंत्राचा प्रश्न नाही. रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळांतून रंग जुळविण्यासाठी कोडक कंपनीची 'शर्ली' या नावाने ओळखली जाणारी कार्डे वापरीत, आणि त्यांवर अनेक वर्षे गोऱ्या स्त्रीचेच चित्र असे. तिचा चेहरा बरोबर आला म्हणजे रंग बरोबर, हा न्याय! सावळ्या माणसांचे चेहरे त्यात अंधारात बुडत. पुढे निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रियांची कार्डे निघाली. परंतु आपल्याकडे याच्या उलट खोड आहे. मोबाईल चेहरा आपोआप उजळतो, आणि लग्नाचा अल्बम करणाऱ्यास 'जरा गोरे करा' असे आपणच सांगतो. उन्हातान्हात कापूस वेचणाऱ्या आईचा चेहरा पिठासारखा पांढरा छापून भिंतीवर लावणाऱ्या मुलाने तिचे छायाचित्र लावले असे आम्हांस तरी म्हणवत नाही. चेहरा उजळविणारी सोय छायाचित्र घेण्यापूर्वीच बंद करावी. ज्याचे छायाचित्र आहे त्याच्या हाती, त्याच उजेडात, प्रथम एक राखी पुठ्ठा देऊन चित्र घ्यावे. तो राखी दिसेल असे रंग जुळविले, की कातडीचा रंगही पुष्कळसा आपल्या जागी येतो. या कामी कापूस मात्र घेऊ नये. तो पांढरा म्हणून प्रसिद्ध असला तरी त्यात पिवळसर झाक असते.

सबंध मोठा कागद एकदम खर्ची घालू नये. चेहऱ्याचा लहानसा तुकडा तीन-चार निरनिराळ्या छटांत एकाच कागदावर छापावा. शाई वाळताना रंग किंचित बदलतो, म्हणून निवड दुसऱ्या दिवशी करावी, आणि ती दिवसा, खिडकीपाशी, परंतु थेट ऊन न येईल अशा ठिकाणी. छपाईच्या धंद्यात नमुने तपासण्यासाठी ५००० केल्व्हिनचा प्रकाश प्रमाण मानतात. घरातील पिवळा दिवा २७०० केल्व्हिनच्या आसपास असतो, तेव्हा त्याच्याखाली केलेली पारख सकाळी खोटी ठरते. पसंत पडलेल्या तुकड्यामागे कागद, शाई व मांडणी यांची नोंद पेन्सिलीने करून तो जपून ठेवावा. स्वस्त मिळाली म्हणून दुसऱ्या कंपनीची शाई भरली, तर ती नोंद निकामी झाली असे समजून नवे तुकडे छापावे.