संक्रांतीचा आठवडा आणि खो-खो

पुण्याची थंडी ही खेळांची थंडी आहे. पावसाळ्यांत मैदानांचा चिखल होतो, वैशाखांत माती तापून तळपायांस चटके बसतात. मार्गशीर्ष-पौष हे दोन महिनेच काय ते असे, कीं पहांटे धांवावयास गेलेलें पोर आठ वाजतां घरीं परतलें तरी दमलेलें दिसत नाहीं. ज्या घरांत खेळाचें वेड आहे, त्या घराचें पंचांग ह्या दिवसांत थोडें निराळें चालतें. आमच्या घराचें तर २०२५ सालच्या संक्रांतीच्या आठवड्यांत इतकें निराळें चाललें, कीं ज्या घरीं दहावींतील मुलगी आहे व तिला खेळाची आवड आहे, अशा कुटुंबांस त्याची हकीकत सांगावी असें वाटलें.

आम्ही अकरा माणसें एका छपराखालीं राहतों. वडील बंधु हवामान खात्यांतून निवृत्त झालेले. वहिनींनीं ऐंशी ओलांडली असली तरी त्यांच्या शब्दाबाहेर घरांत अद्यापि कोणी जात नाहीं. मी व माझी पत्नी. दोघां भावांचे दोन मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडें. थोरल्या सूनबाई माहेरच्या नागपूरच्या. महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकवितात. त्यांची मुलगी त्या वर्षीं दहावींत होती आणि शाळेच्या खो-खो संघांत खेळत होती. वादाचें सारें मूळ ह्या एका वाक्यांत आहे.

मंडळाची परीक्षा २१ फेब्रुवारीस सुरू व्हावयाची होती, म्हणजे दर वर्षापेक्षां आठ-दहा दिवस आधींच. सूनबाईंनीं भोगीच्या आदल्या दिवशीं जाहीर केलें, कीं संक्रांत झाली कीं सराव बंद. परीक्षा संपेपर्यंत मैदानाचें नांव काढावयाचें नाहीं. हें म्हणणें वावगें होतें असें मी म्हणणार नाहीं. सकाळ-संध्याकाळ मिळून तीन तास मैदानावर, एक तास जाण्यायेण्यांत, आणि रात्रीं पुस्तक उघडतांच पेंगणारी पोर, हें जी आई रोज पाहते तिला काळजी वाटावयाचीच. मुलगी आईस उलट बोलली नाहीं. रात्रीं मात्र माझ्या खोलींत येऊन म्हणाली, "आजोबा, नववींत आमच्या दोघी जणी परीक्षेपुरत्या म्हणून थांबल्या. त्या परत आल्याच नाहींत. थांबलेली मुलगी परत येत नाहीं."

ह्याला मला उत्तर सुचलें नाहीं.

सोमवारीं, १३ जानेवारीस, भोगी होती. सकाळपासून स्वयंपाकघरांत सोलाणे, पावट्याचे दाणे, गाजरें, वांगीं, बोरें व उसाचे करवे ह्यांचा ढीग पडला होता आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरींचा वास जिन्यापर्यंत येत होता. बंधु नित्याप्रमाणें गच्चींतल्या उष्णतामापकापुढें वही घेऊन उभे. १९२८ सालीं हवामान खात्याची मुख्य कचेरी सिमल्याहून पुण्यास आली. पुढें ती दिल्लीस गेली, तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीस लोक अजून सिमला ऑफिसच म्हणतात. बंधूंची सारी नोकरी त्या आवारांत गेली. पुण्याच्या थंडीविषयीं त्यांचें एक ठरलेलें व्याख्यान आहे, आणि खेळणाऱ्यांनीं तें ऐकावें असें आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेपांचशें मीटर उंच पठारावर. पौषांत आकाश निरभ्र व हवा कोरडी. दिवसा तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता भराभर वर सोडून देते आणि तिला अडवावयास ढग नसतात, बाष्पहि नसतें. म्हणून जानेवारींत पहांटेचें सरासरी उष्णतामान अकरा अंशांच्या आसपास, तर दुपारचें तीसच्या घरांत! सकाळीं स्वेटर घालून गेलेल्या मुलीनें अकरा वाजतां तो कमरेला बांधून यावें, ह्यांत तिचा वेंधळेपणा नसून पठाराचा स्वभाव आहे, असें ते म्हणतात.

त्याच संध्याकाळीं दिल्लीस खो-खोचा पहिला विश्वचषक सुरू झाला. तेवीस देशांचे संघ आले होते. आपल्या दोन्ही संघांचे नेते महाराष्ट्राचे: मुलींच्या संघाची प्रियंका इंगळे आणि पुरुषांच्या संघाचा प्रतीक वाईकर. ज्या खेळाचे नियम प्रथम ह्याच पुण्यांत, डेक्कन जिमखान्यावर, १९१४ सालीं बांधले गेले, त्याची जागतिक स्पर्धा शंभरांवर वर्षांनीं पाहावयास मिळत होती. पहिल्या सामन्यांत पुरुषांनीं नेपाळला ४२-३७ असें हरविलें. फरक अवघा पांच गुणांचा. नात घरांतल्या साऱ्यांस धरून आणीत होती.

येथें एक सांगितलें पाहिजे. खो-खो आपण लहानपणीं सारेच खेळतों, आणि म्हणूनच तो पाहावयाचा कसा हें फारच थोड्यांस ठाऊक असतें. दोन खांबांमधील रेषेवर आठ गडी आळीपाळीनें विरुद्ध दिशांस तोंडें करून उकिडवे बसतात. नववा पाठलाग करतो. पळणाऱ्याला बसलेल्यांच्या मधून हवें तसें सुटतां येतें. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली रेषा ओलांडतां येत नाहीं, आणि एकदां दिशा धरली कीं खांबापर्यंत गेल्याखेरीज मागें फिरतां येत नाहीं. म्हणजे वेगांत बरोबरीचे असले तरी मोकळीक सारी एकाला आणि बंधनें सारीं दुसऱ्याला! ह्या बंधनांवर उपाय एकच, तो म्हणजे बसलेल्या सोबत्याच्या पाठीला हात लावून 'खो' देणें व आपण त्याच्या जागीं बसणें. बसलेला गडी विसांवा घेत नसतो. पळणारा आपल्या तोंडाच्या बाजूला केव्हां सांपडेल ह्याचा हिशेब तो प्रत्येक क्षणीं करीत असतो. उत्तम संघांत गडी बाद करणाऱ्याइतकेंच श्रेय त्याच्या आधींच्या दोन-तीन खो देणाऱ्यांचें असतें, पण गुणपत्रिकेवर तें दिसत नाहीं. दिल्लीस पूर्वींच्या नऊ मिनिटांच्या पाळीऐवजीं सात मिनिटांच्या पाळ्या होत्या, आणि पळणाऱ्यांची तुकडी ठराविक वेळेपलीकडे टिकली तर तिलाहि गुण मिळत. मातीऐवजीं मॅट अंथरलेली. वहिनींना तेवढें रुचलें नाहीं. शाळेंत असतां त्या परकर खोंचून खो-खो खेळलेल्या. "खांबाशीं वळतांना ढोपर फुटलें नाहीं, तर तो खो-खो कसला?" असा त्यांचा अभिप्राय पडला. तरी त्या उठून मात्र गेल्या नाहींत.

मंगळवारीं संक्रांत. सुगडांचीं पूजा, गुळाच्या पोळ्या, काळ्या साड्या, धाकट्या नातवाचें बोरन्हाण, आणि संध्याकाळीं हळदीकुंकू. मुलींचा पहिला सामना दक्षिण कोरियाशीं त्याच वेळीं. दिवाणखान्यांत बायका आणि टीव्ही, दोन्ही एकाच ठिकाणीं! नातीनें आवाज बंद ठेवून चित्र चालूं ठेवण्याची परवानगी मागितली. हळूहळू वाण हातांत घेतलेल्या बायका खुर्च्या वळवूं लागल्या, आणि अर्ध्या तासानें आवाजहि चालूं करावा लागला. आपल्या मुली १७५-१८ अशा जिंकल्या. एवढ्या एकतर्फी सामन्यांत चुरस ती कसली असणार. पण आलेल्यांपैकीं निम्म्या जणी तरी शाळेंत हा खेळ खेळलेल्या होत्या. "आमच्या वेळीं असा संघ असता तर—" असें एकीनें म्हटलें, आणि पुढचें वाक्य कोणीच पुरें केलें नाहीं.

बुधवार हा करीचा दिवस. सूनबाईंनीं सकाळीं सराव बंद करण्याचा विषय पुन्हां काढला. नातीनें मोठ्या आजीकडे धांव घेतली. वहिनींनीं निवाडा दिला, कीं करीच्या दिवशीं घरांत कसलाहि निकाल लावावयाचा नाहीं. जें काय तें रविवारीं, आणि तोंवर आहे तसें चालूं द्यावें. उच्च न्यायालयाचा स्थगिती हुकूम तरी ह्याहून निराळा तो काय असतो?

गुरुवारीं मात्र घर क्रिकेटपायीं दुभंगलें. विजय हजारे करंडकाच्या उपांत्य सामन्यांत महाराष्ट्राची गांठ विदर्भाशीं, तीहि बडोद्यास. हजारे जन्मले सांगलींत, नांवारूपाला आले बडोद्याकडून खेळून. तेव्हां करंडक व गांव दोन्ही आपलींच असें मी म्हणत होतों, आणि सूनबाई नुसत्या हंसत होत्या. त्यांचें हंसणें खरें ठरलें. विदर्भाच्या ध्रुव शोरी व यश राठोड ह्या सलामीच्या जोडीनें २२४ धांवा जोडल्या, दोघांनींहि शतकें काढलीं, आणि शेवटीं करुण नायरनें ४४ चेंडूंत नाबाद ८८ धांवा करून धावसंख्या ३८० वर नेऊन ठेविली. आमच्याकडून अर्शीन कुलकर्णी ९० पर्यंत पोंचला, पण संघ ३११ वरच राहिला. हार ६९ धांवांनीं. संध्याकाळीं सूनबाईंनीं आपण होऊन सर्वांसाठीं चहा केला. असा चहा पिणें फार कठीण जातें.

हजारे ह्यांची एक गोष्ट मी त्या रात्रीं मुलांस सांगितली. १९४३ सालच्या पंचरंगी सामन्यांत हिंदु संघाविरुद्ध 'इतर' संघाच्या ३८७ धांवांपैकीं ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. तीनशें धांवांच्या एका भागींत त्यांचे बंधु विवेक ह्यांच्या धांवा अवघ्या एकवीस! ते एकवीस मोजणारे लोक पुष्कळ भेटतात. पण दुसऱ्या टोकाला तो भाऊ उभा राहिला नसता तर? नात लगेच म्हणाली, "म्हणजे ते बसलेले गडी होते."

शुक्रवारीं संकष्टी. चंद्रोदय रात्रीं नऊच्या सुमारास, म्हणून उपवास करणाऱ्यांना सामना पाहण्यास वेळच वेळ. मुलींनीं बांगलादेशास १०९-१६ असें हरविलें.

शनिवारीं पहांटे सूनबाई कोणास न सांगतां नातीबरोबर मैदानावर गेल्या. ह्या आठवड्यांतील खरी घटना मी हीच समजतों. शाल गुंडाळून, हातांत घड्याळ घेऊन त्या कट्ट्यावर बसल्या व प्रयोगशाळेंत टिपणें घ्यावीं तशीं टिपणें घेऊन आल्या. दीड तासांत त्यांची मुलगी प्रत्यक्ष पळाली वा पाठलागास उठली तो वेळ बत्तीस मिनिटांचा. खांबाशीं वळण्याचा सराव बारा मिनिटें. उरलेला वेळ रांगेंत उभें राहणें, दोन संघ पाडणें, पाणी पिणें आणि गप्पा. हें त्यांनीं शिकविणाऱ्या ताईंना तेथेंच दाखविलें. ताई प्रथम चमकल्या, मग म्हणाल्या, कीं दहावीच्या मुलींना आधीं वेगळें घेतां येईल. परततांना मायलेकींत काय बोलणें झालें तें मला ठाऊक नाहीं. त्या दिवशीं विदर्भ अंतिम सामन्यांत कर्नाटकाकडून ३६ धांवांनीं हरला, आणि मीं चहा केला.

रविवारीं दोन्ही अंतिम सामने नेपाळशींच. आधीं मुलींचा झाला. पहिल्या पाळींतच आपण चौतीस गुण मिळविले. नेपाळच्या मुलींनींहि उत्तर चांगलें दिलें, पण तिसऱ्या पाळीनंतर प्रश्न राहिला नाहीं. ७८-४०. मग पुरुष ५४-३६. करंडक हातीं घेतलेल्या प्रियंका इंगळेकडे पाहतांना नात रडली नाहीं कीं ओरडली नाहीं. ती मांडी घालून अगदीं ताठ बसली होती. वहिनींनीं टीव्ही बंद करावयास लाविला व सूनबाईंस म्हटलें, "बोल आतां."

सूनबाईंनीं कागद वाचला. सकाळीं साडेसहा ते सात वाजून वीस मिनिटें सराव, आठवड्यांतून पांच दिवस. संध्याकाळचा सराव व सामने परीक्षा होईपर्यंत बंद. ने-आण आळीपाळीनें दोघां आजोबांनीं करावी, म्हणजे बसची वाट पाहण्यांत अर्धा तास जावयाचा नाहीं. सराव परीक्षेंत गुण घसरले तर ह्याचा फेरविचार. नातीनें एक दुरुस्ती मागितली: संघांतील मैत्रिणी संध्याकाळीं खेळतील तेव्हां आठवड्यांतून एकदां पंधरा मिनिटें नुसतें बसून पाहण्याची मुभा असावी. सूनबाईंनीं थोडा विचार करून ती मान्य केली. बंधूंनीं आपल्या पाळीच्या दिवशीं उष्णतामापक बरोबर नेण्याची परवानगी मागितली. ती कोणी नाकारली नाहीं.

हा क्रम एक महिना, परीक्षा येईपर्यंत, चालला. दोनदां सर्दीनें खंड पडला. एकदां गणिताच्या गुणांवरून फेरविचाराची वेळ आली होती. ती वहिनींनीं टाळली. १३ मे रोजीं निकाल लागला. गुण येथें छापूं नयेत अशी नातीची सक्त ताकीद आहे, म्हणून छापीत नाहीं. जूनमध्यें मैदान भरलें तेव्हां नववींत थांबलेल्या त्या दोघींपैकीं एक जण आईस घेऊन परत आली होती. दुसरी आली नाहीं.