कुहीच्या उन्हात ससा पाळताय? पिंजऱ्याआधी 'या' गोष्टी समजून घ्या

मुलांच्या हट्टापायी ससा घरी येतो. पिंजरा, गाजरं आणि पाण्याची वाटी आणली की तयारी झाली, असं वाटतं. पण विदर्भात सशाचा खरा कस लागतो तो एप्रिल-मे महिन्यात, पारा 45 अंशांकडे सरकतो तेव्हा. कुही तालुक्यात ससा पाळायचा असेल, तर पहिला प्रश्न पिंजऱ्याच्या रंगाचा नाही, तापमानाचा आहे.

उन्हाचा सशाला इतका धोका का?

सशाला माणसासारखा घाम येत नाही आणि कुत्र्यासारखं धापा टाकून शरीर थंड करणंही त्याला फारसं जमत नाही. त्याचे लांब कान रेडिएटरसारखे काम करतात. कानांतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि शरीरातली उष्णता बाहेर जाते. सशाच्या शरीराचं तापमान साधारण 39 अंश असतं. बाहेरची हवा त्याहून गरम झाली की कान उष्णता बाहेर टाकण्याऐवजी आत घेऊ लागतात. त्रास तर 30 अंशांच्या पुढेच सुरू होतो.

पिंजरा कुठे ठेवायचा?

टिनाच्या छताखाली, गच्चीवर किंवा पश्चिमेच्या भिंतीलगत अजिबात नको. घरातली सर्वात थंड, हवेशीर खोली निवडा. कूलर लावत असाल तर खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत दमटपणा वाढतो आणि गारवा मिळत नाही. सशाला घाम येत नसल्याने नुसत्या पंख्याचा उपयोग कमीच. गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवा, तो तिला टेकून बसतो.

घर किती मोठं हवं?

ससा मागच्या पायांवर पूर्ण उभा राहील आणि सलग तीन-चार उड्या मारील, इतकी जागा हवी. तळ जाळीचा नको, त्याने पायांना जखमा होतात. लाकडी फळीवर धानाची तणीस अंथरा आणि ओली झाली की बदला. मांजर, मुंगूस आणि मोकाट कुत्र्यांपासून बचावासाठी दाराला पक्की कडी लावा.

गाजर हेच खाणं?

नाही. गाजर गोड असतं, त्यामुळे अधूनमधून एखादा तुकडाच द्या. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. ते झिजायला आणि आतडी चालू राहायला गवत लागतं. आहाराचा मोठा भाग वाळलेलं किंवा ताजं गवत असावं, जोडीला थोडी कोथिंबीर, मुळ्याचा पाला. शेताच्या बांधावरचं गवत आणताना तिथे फवारणी झाली नाही ना, हे आधी विचारा.

शेतात सापडलेलं पिल्लू घरी आणावं का?

मुळीच नाही. रानससा आणि पाळीव ससा या वेगळ्या प्रजाती आहेत. रानसशाला वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार संरक्षण असल्याने तो पाळणं गुन्हा ठरतो. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा काही भाग कुही तालुक्यातच येतो, त्यामुळे इथे असं पिल्लू दिसणं नवलाचं नाही. रानसशाचं पिल्लू जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांचं असतं. आई दिवसभर दूर राहते आणि दूध पाजायला थोडाच वेळ येते. पिल्लू एकटं दिसलं म्हणजे पोरकं झालं, असं नाही. ते जखमी असेल तर वन विभागाला कळवा.

धोक्याची लक्षणं कोणती?

- तोंड उघडून श्वास, गरम लाल कान, लाळ, अंग टाकून पडणं: ही उष्माघाताची लक्षणं. ससा सावलीत न्या, कान साध्या पाण्याने ओले करा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, तोंडात पाणी ओतू नका.
- 12 तास खाणं किंवा लेंड्या बंद: आतडी थांबल्याची शक्यता. उद्यावर ढकलू नका.
- माणसाची औषधं मनाने देऊ नका. अमॉक्सिसिलीनसारखी तोंडावाटे दिलेली प्रतिजैविकं सशाच्या जिवावर बेतू शकतात.

उपचारासाठी आधी स्थानिक पशुवैद्यकांना गाठा. पुढची सोय सुमारे 40 किलोमीटरवर, नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आहे. दुपारच्या उन्हात नेताना पिंजऱ्यावर ओलं कापड टाका, पण हवा खेळती राहू द्या.

नीट सांभाळलेला ससा आठ ते दहा वर्षं जगतो. म्हणजे तेवढे उन्हाळे त्याला गारव्यात ठेवायची तयारी असेल, तरच तो घरी आणा.