पिकासा.आयएनआय (संचिका)

पिकासा.आयएनआय ही पिकासा या छायाचित्र-व्यवस्थापन प्रणालीने छायाचित्रांच्या फोल्डरमध्ये आपोआप निर्माण केलेली लपलेली संचिका होय. नंतरच्या आवृत्त्यांत तिच्या नावाच्या आरंभी टिंब आले.

ही संचिका साध्या मजकुराची असून नोटपॅडमध्ये उघडते. चौकटी कंसात छायाचित्राचे नाव व त्याखाली तारांकन, कातरणी, रंगबदल, चेहऱ्याची जागा, व्यक्तीचा संकेतांक अशा नोंदी असतात. पिकासा मूळ छायाचित्रास हात न लावता बदल येथेच लिहून ठेवी. ‘जतन करा’ ही आज्ञा दिल्यावरच ते चित्रात उतरत आणि मूळ प्रत दुसऱ्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाई. जेपीईजी चित्रांच्या ओळी मात्र चित्रातच लिहिल्या जात.

समजा, बार्शीटाकळीच्या कालंका देवी मंदिरापुढील कौटुंबिक छायाचित्रात आजी कोण, आत्या कोण हे नोंदवले. ती ओळख सहसा या संचिकेच्या आधारे टिकते. निरुपयोगी समजून ती पुसल्यास, किंवा प्रत करताना केवळ छायाचित्रे उचलल्यास, चित्र शाबूत राहते पण ओळख तुटते. विंडोजच्या थंब्स.डीबीचे तसे नाही. तीत लघुचित्रेच असल्याने ती पुन्हा तयार होते.

गूगलने २००४ मध्ये पिकासा विकत घेतली व २०१६ मध्ये बंद केली. बहुतेक इतर प्रणाली या नोंदी वाचत नाहीत.