परकीय स्त्रियांची साक्ष

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील तुर्की नगरजीवनाविषयी पुरुष प्रवाशांची साक्ष अंतःपुराच्या दारापाशी खुंटते. तेथून पुढे परकीय स्त्रियांची लेखणी उपयोगी पडते. पतीच्या सरकारी कामगिरीमुळे एमिलिया हॉर्नबी ही इंग्रज स्त्री क्रिमियन युद्धाच्या काळी इस्तंबूलला राहिली. तिची पत्रे १८५८ साली ग्रंथरूप झाली. प्रसंग ताजा असतानाच लिहिलेल्या पत्रांवर स्मृतीचा रंग कमी चढतो. तथापि दुभाष्याकडून कळलेले ते ऐकीवच. शिवाय अशा पाहुणीला उघडणारी दारे बहुधा श्रीमंतांची. म्हणून डोळ्यांनी पाहिलेला पोशाख, पाहुणचार, गृहव्यवस्था यांचे वर्णन स्वीकारावे. लोकस्वभावाविषयीचे निर्णय मात्र पारखून घ्यावेत. हा विवेक विद्यार्थ्यांच्या अंगी बाणविणे हेच इतिहासाध्यापनाचे खरे प्रयोजन होय, असे आम्हांस वाटते.